बारबेलवरचे आठ दिवे

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

यशस्वी माणसं रोज दैनंदिनी लिहितात, असं एका मासिकात वाचलं. यशस्वी होण्याआधी लिहायला लागतात की झाल्यावर, ते दिलेलं नव्हतं. मी आधीच सुरुवात करून ठेवतो.

नोंद पहिली: १४ डिसेंबरला माझी जिम उघडणार. जागा बाबांची. त्यांनी हयातभर इथे लोकांचे कोट शिवले. हॉल प्रशस्त आहे आणि रस्त्याच्या बाजूला ही भलीमोठी काच. बाबा गेल्यावर दादाला हा हॉल प्रार्थनागृहाला द्यायचा होता, म्हणजे पोरांना बसून धर्म शिकता आला असता. मी म्हटलं, आधी पोरांच्या पाठी सरळ होऊ देत, मग त्या वाकवायचं काम तुझं. गंमत केली होती. दादा उठून गेला तो मार्चपासून आमच्या घराची पायरी चढलेला नाही. ज्याला गंमत कळत नाही त्याला धर्म काय कळणार, पण ते जाऊ दे.

आम्ही ज्यू. म्हणजे दादा ज्यू, मी आडनावापुरता.

आई माझ्याकडे राहते. तिचं एकच टुमणं चालू असतं, "यंदा हनुक्काला दोघं एका दिव्यापुढे उभे राहा. मला बघायचंय." मी म्हणतो, त्याला सांग. तो म्हणतो, त्याला सांगा. हे निरोप आमच्या बायका पोचवतात. भाऊ बोलत नाहीत, जावा मात्र रोज तासभर फोनवर असतात. काय बोलतात देव जाणे.

३० नोव्हेंबर, रविवार

आमचा प्रशिक्षक, त्याला मी पैलवान म्हणतो, म्हणाला, "साहेब, डिसेंबरात जिम कोण उघडतं? लोक जानेवारीत पश्चात्ताप करतात. तोवर खातात."

तेव्हा मला कल्पना सुचली. आमचा हनुक्का बरोबर १४ तारखेला सुरू होतोय. आठ दिवस, दिवे, आणि नायक कोण तर मक्काबी, म्हणजे हातोडा! मूठभर लोकांनी साम्राज्याला लोळवलं. 'हातोड्यासारखे दंड, आठ दिवसांत सुरुवात करा.' सोबत सणाची माहिती देणारं सुबक पत्रक. गिऱ्हाइकाला संस्कृती फुकट मिळाली की बरं वाटतं.

फक्त मला त्या सणाबद्दल दोनच गोष्टी माहीत आहेत. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, आणि काहीतरी तळून खातात. दुसरी गोष्ट जिमच्या पत्रकात घालता येणार नाही. आत्याकडे जायला हवं. तिने पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि अजून सुट्टी झाल्यासारखं वागत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

जायला नको होतं.

"तेल?" आत्या म्हणाली. "तेलाची गोष्ट कित्येक शतकं नंतरची. सगळ्यात जुन्या लिखाणात तेलाचा थेंब नाही."

"मग आठ दिवस कशाचे?"

"लढाईच्या धामधुमीत शरदातला आठ दिवसांचा सण बुडाला होता. यरुशलेमचं मंदिर परत मिळालं, साफसूफ केलं, नवी वेदी बांधली आणि बुडालेला सण हिवाळ्यात उरकून घेतला. तू तुझ्या लग्नाचा वाढदिवस करतोस तसा, आठवल्यावर."

मी पत्रकासाठी लिहून घेत होतो. ते वाक्य सोडून दिलं.

"आणि लढले कोणाशी?"

"ग्रीक राजाशी. त्याने आपला धर्मच बंद करायला काढला होता. पण त्याआधीपासून आपलं आपल्याशीच चाललेलं होतं. गावातल्या पुढारलेल्या मंडळींना ग्रीकांसारखं व्हायचं होतं. त्यांनी मंदिराच्या अगदी जवळ काय बांधलं, ठाऊक आहे?"

"काय?"

"व्यायामशाळा."

मी पेन खाली ठेवलं.

"पुजारी वेदीवरचं काम अर्धं टाकून कुस्त्या बघायला पळायचे," आत्या रंगात आली होती. "आणि तिथे व्यायाम करायचा तो अंगावर चिंधी न ठेवता. मग आपली सुंता दिसू नये म्हणून काहींनी जे उपाय केले ते मी तुला सांगत नाही. तू चहा पितोयस."

"आणि मक्काबींनी काय केलं?"

"त्यांच्या बापाने पहिला माणूस मारला तो आपल्यातलाच. राजाच्या हुकमाने नैवेद्य दाखवायला पुढे आला होता. राजाचा अधिकारी त्याच्यानंतर."

म्हणजे ज्यांच्या नावाने मी जिम उघडतोय त्यांनी ती पहिल्याच दिवशी पेटवली असती, आणि मला त्या नैवेद्यवाल्याशेजारी आडवं केलं असतं. निघताना विचारलं, निदान हनुक्का या शब्दाचा अर्थ तरी सांग. म्हणाली, "समर्पण. नव्याने वाहून देणं. घर नवीन घेतलं तरी तोच शब्द वापरतात."

म्हणजे उद्घाटन! पत्रकात एवढंच घातलं. बाकीचा इतिहास गिऱ्हाइकांच्या प्रकृतीला मानवणारा नाही.

जिना उतरताना आत्या वरून ओरडली, "आणि भाऊभाऊ भांडले तेही खरं आहे, ते लिही!" म्हातारीला दुसऱ्याच्या घरातलं दिसतं फार.

६ डिसेंबर, शनिवार

बाबांचा पितळी दिवा दादाकडे आहे. तो मागायचा म्हणजे नाक मुठीत धरायचं. मी वेल्डरला बोलावलं. एक बारबेल घेतला, त्याच्या दांड्यावर ओळीने आठ वाट्या बसवून घेतल्या, आणि ज्याच्याने बाकीचे दिवे लावायचे तो नववा, सेवक दिवा, मधोमध जरा उंचावर, एका लहान डंबेलवर. दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या तशाच. काय दिसतो! वेल्डर म्हणाला, "देवाचं आहे का व्यायामाचं?" म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "मग हमी नाही."

आईला दाखवला. तिने लांबून नुसतं पाहून मान हलवली नाही, जवळ येऊन एकेका वाटीवरून बोटं फिरवली. हात काळे करून घेतले. कारागिरीची कदर आमच्या घरात आईलाच.

आणखी एक. आई पूर्वी मी दारातून आत आलो की आधी माझ्या पोटाकडे बघायची आणि मग टोमणा मारायची. गेले दोनतीन महिने तिने पोटाचं नावही काढलेलं नाही. म्हणजे व्यायामाचा परिणाम दिसतोय. बायको म्हणते, कुठे. तिचं औषधाचं दुकान आहे, तिला जगात सगळे आजारीच दिसतात.

१० डिसेंबर, बुधवार

आईने आज चहा ओतला तो कप भरून बशीत, बशीतून टेबलावर. वर म्हणाली, "कप लहान आणलेत तुम्ही." कप दहा वर्षांचे आहेत. बायकोने मुकाट्याने टेबल पुसलं. एरवी माझ्याकडून थेंब सांडला तर भाषण असतं. नंतर दोघी आतल्या खोलीत गेल्या. बायको तिच्या डोळ्यांत कसलेसे थेंब घालते, रोज दोनदा. म्हातारपणी डोळे कोरडे पडतात म्हणे. मी विचारलं, तर आईच म्हणाली, "तू तुझं उद्घाटन बघ."

आता नवीन खूळ: पैलवान हॉलची चावी न्यायला आला होता. आईने दार उघडलं आणि एकदम त्याचा हात धरून म्हणाली, "आलास? मला माहीत होतं तू येशील." पैलवान गडबडला. मी म्हटलं, आई, हा पैलवान. "हो हो," म्हणाली, "तेच म्हणतेय." दादाची आणि पैलवानाची उंची सारखी आहे हे खरं, पण दादाला दाढी आहे आणि याला मान नाही. काय तो दादाचा ध्यास! मी रोज समोर असतो, त्याचं काही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

उद्घाटन झालं! लोक अपेक्षेपेक्षा बरे आले. तळलेलं होतं म्हणून आले असं बायको म्हणते.

काचेत बारबेल ठेवला होता. संध्याकाळी मी सेवक दिव्याने आठच्या आठ वाती पेटवल्या. पहिल्या दिवशी एकच लावायचा असतो हे मला माहीत आहे, मी काही अगदीच हा नाही. पण एका वातीचा फोटो काय काढणार? एवढा मोठा बारबेल आणि वर एक ज्योत, म्हणजे सायकलचा दिवा.

आई पुढे आली. म्हणाली, "त्या ट्यूब बंद करा." बंद केल्या. आईला वातावरणनिर्मिती कळते. मग ती दिव्यांच्या इतकी जवळ गेली की बायकोने तिचा डोक्यावरचा रुमाल मागे धरला. बराच वेळ बघत राहिली आणि एकदम लहान मुलीसारखी म्हणाली, "आठ आहेत! दिसले! आठ!" डोळ्यांत पाणी. गर्दीसमोर मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण आत कुठेतरी फार बरं वाटलं. बाबांच्या हॉलचं मी केलं ते आईला पटलं. दादा आलाच नाही, तरीही.

१५ डिसेंबर, सोमवार

निरोप आला. दादाकडून वहिनीकडे, वहिनीकडून माझ्या बायकोकडे, बायकोकडून मला, तोवर जेवण निवलं होतं. "पहिल्याच दिवशी आठ लावले म्हणे. पुढे काय, सोळा? की आता रोज एकेक विझवत शून्यावर येणार? त्याला शोभेल."

आत्याला फोन लावला. ती हसून हसून खोकली. "अरे, तू अडाणीपणात एका मोठ्या गुरूच्या पंक्तीला जाऊन बसलास! दोन गुरूंची घराणी होती. एक म्हणायचं, आठपासून सुरू करा आणि रोज एक कमी करा. दुसरं म्हणायचं, एकापासून वाढवत न्या, पवित्र गोष्ट चढती असावी, उतरती नको. लोकांनी दुसऱ्याचं ऐकलं."

"पण पहिलं चुकीचं नव्हतं ना?"

"चुकीचं नव्हतं. हरलेलं होतं."

झालं तर मग. आता मी आठ, सात, सहा असाच जाणार. दादाला कळवा म्हणावं, याला शास्त्राधार आहे. बायको म्हणाली, "काल सकाळपर्यंत तुम्हाला दोन गोष्टी माहीत होत्या, आज घराणं निघालं?"

१६ डिसेंबर, मंगळवार

सहा दिवे. आई रोज संध्याकाळी हट्टाने हॉलवर येते, ट्यूब बंद करायला लावते. व्यायाम करणारे अंधारात धडपडतात. एकाच्या पायावर चकती पडली. त्याने नाव काढून घेतलं.

आज एक गंमत. समोरच्या फुटपाथवर दादा उभा होता, कॉलर वर करून, जणू मी त्याला ओळखणारच नाही. नियम असा की दिवा रस्त्यावरून दिसेल असा ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावा. दिसलेला दिवा पाहावा असाही नियम असेल, दादाला नियम पाळायला आवडतं. मी फडकं घेऊन काच पुसायला लागलो. काच स्वच्छ होती. पुसून पुसून आणखी किती पुसणार? वर पाहिलं तर तो नव्हता. आईला सांगितलं नाही. उगाच आशेला लावायचं.

१७ डिसेंबर, बुधवार

पाच. आत्या जिम बघायला आली. दिव्यांशेजारच्या टेबलावर पैलवान एका नव्या सभासदाकडून कागदावर सही करून घेत होता. "हे चालत नाही," आत्या म्हणाली. "या दिव्यांचा उजेड वापरायचा नसतो. वाचायचं नाही, शिवणकाम करायचं नाही, नाणी मोजायची नाहीत. नुसते दिवे बघायचे. कामाच्या उजेडासाठीच तो नववा ठेवलेला असतो, म्हणजे चुकून काही दिसलंच तर त्याच्या नावावर घालता येतं."

"म्हणजे इतका खटाटोप करून त्या उजेडाचा उपयोग शून्य?"

"तोच तर मुद्दा आहे. पण तुझ्यासारख्या धंदेवाल्याला तो कसा कळावा?"

आई खुर्चीवर बसली होती. आज फार बोलली नाही. मान इकडून तिकडे करत होती. म्हणाली, "आज कमी आहेत का रे?" म्हटलं, "आई, रोजच एक कमी होतोय. शास्त्र आहे." ती म्हणाली, "कसलं मेलं शास्त्र."

१८ डिसेंबर, गुरुवार

हे मी रागात लिहितोय.

आज चार. आईला घ्यायला घरी गेलो, तर ती कोट घालून, पिशवी भरून तयार. "मला दादाकडे सोड. उरलेले दिवस तिकडेच राहीन."

"का? काय झालं?"

"त्याच्याकडे आज पाच असतील."

म्हणजे चढत्या गटात सामील! पहिल्या दिवशी माझ्याकडे आठ होते तेव्हा रडू येईपर्यंत आनंद, आणि आता माझे कमी झाले, त्याचे वाढले, तर मुक्काम तिकडे. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो. परकी माणसं असं वागतात हे ठाऊक होतं, आई वागेल असं वाटलं नव्हतं. मी तसं बोललो. आई हसली. म्हणाली, "तुला असंच वाटणार." बायको मध्ये पडली, "सोडा त्यांना, वाद घालू नका," आणि पिशवीत त्या थेंबांच्या बाटल्या ठेवल्या.

दादाच्या कोपऱ्यापर्यंत बसने नेलं. बसच्या पायऱ्यांवर तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. इतकंच प्रेम होतं तर राहायचं होतं. वहिनी खाली घ्यायला आली. मी वर गेलो नाही. खालून खिडकी दिसत होती. बाबांचा पितळी दिवा. पाच.

२० डिसेंबर, शनिवार

दोन. सभासदही त्याच वेगाने चाललेत. पैलवान म्हणतो, "साहेब, तुमच्या गुरूंनी धंदा केला नसावा."

आई तिकडे, तर घरात कोणी कप उतू घालत नाही. तिची खुर्ची हॉलवर तशीच आहे. पैलवानाने त्यावर टॉवेल टाकला तर मी त्याच्यावर खेकसलो. का खेकसलो, ते मलाच कळलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

रात्र झालीय, हात दुखतोय, तरी लिहितो.

संध्याकाळी हॉलमध्ये मी एकटा. पैलवान सर्दीचं निमित्त करून गेला. एक ज्योत लावली. एवढा लोखंडाचा बारबेल आणि त्याच्या एका टोकाला एक ज्योत. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटलं असेल, बिल भरलं नाही म्हणून वीज तोडली.

बायको दुकान बंद करून आली. मी नेहमीचं सुरू केलं: आठ बघायला आई आली, एकाला पाठ दाखवली, रक्ताचं माणूस असं. ती पर्स हातात धरून ऐकत होती. मग तिने पर्स टेबलावर आपटली.

"तुम्ही माणूस आहात की दगड? त्यांना एक दिवा दिसत नाही!"

"म्हणजे?"

"दिसत नाही म्हणजे दिसत नाही. डोळ्यांचा मागचा पडदा जातोय, उन्हाळ्यापासून. ट्यूब लावली की सगळं दूध होतं त्यांच्यापुढे. एकदोन दिवे नुसत्या अंधारात हरवतात. अंधार करून बरेच पिवळे दिवे जवळजवळ लावले की मग काहीतरी दिसतं. जिथे जास्त दिवे तिथे जात होत्या त्या. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. पुढच्या वर्षी आठही दिसतील की नाही सांगता येत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, कळलं की दोघं मला कोणाकडे ठेवायचं यावरून भांडतील. दादांनाही ठाऊक नाही. आम्हा दोघी जावांनाच माहीत आहे."

मी खुर्चीकडे पाहिलं. मग सगळं एकदम समोर आलं. कप. पैलवानाचा धरलेला हात. बारबेलवरून फिरणारी बोटं, ज्याला मी कारागिरीची कदर म्हणून लिहून ठेवलंय, चार पानं मागे, माझ्याच अक्षरात. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी आधी एक बाक हलवला, मग तो परत जागेवर ठेवला.

नंतर ज्योत फुंकली, बारबेल उचलला आणि निघालो. फुंकायची नसते म्हणे. असू दे. चकत्या काढायचं सुचलं नाही. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट काढावं लागेल. काढलं. दादाच्या जिन्यात दोनदा थांबलो. जिमच्या मालकाला धाप लागलेली कोणी पाहिली नाही, एवढंच समाधान.

दार दादाने उघडलं. नऊ महिन्यांनी. त्याने मला पाहिलं, बारबेलला पाहिलं.

"हे काय आहे?"

"दिवा."

"असा?"

"बाबांच्या हॉलमधला आहे," मी म्हटलं.

तो बाजूला झाला. खिडकीजवळच्या बाकावर पितळी दिव्यात आठ ज्योती होत्या, आणि त्यांच्या अगदी समोर, खुर्ची पुढे ओढून, आई. तिने मान वळवली नाही. मी बारबेल टेबलावर ठेवला तेव्हा घरभर आवाज झाला.

"तुझ्या घराण्यात आज एकच ना?" दादा म्हणाला. टोमणा त्याने जपून ठेवलेला होता, त्याला दोष देत नाही. मीही हेच केलं असतं.

मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं. तीन वाक्यं लागली. तो वहिनीकडे बघायला लागला. वहिनी शेगडीकडे बघायला लागली. दादाचं तोंड मी बाबा गेले त्या दिवशीही तसं पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मी रोज तिच्यासाठी मोठी ट्यूब लावत होतो. ती बंद कर म्हणायची, मी म्हणायचो अंधारात पडशील."

मग तो बाहेर आला. घरातले सगळे विजेचे दिवे त्याने बंद केले. तेलाची बाटली घेऊन बारबेलच्या आठही वाट्या भरल्या, वाती लावल्या. माझ्या भावाने, ज्याने माझ्या जिमला गेल्या मार्चपासून शिव्या घातल्या, स्वतःच्या हाताने डंबेलवरचा सेवक दिवा पेटवला आणि एकेक करून आठ ज्योती लावल्या. चढता की उतरता, कुठल्याच घराण्यात हे बसत नव्हतं. आम्ही दोघांनी बारबेल उचलून आईच्या पुढ्यात पितळी दिव्याला लागून ठेवला आणि त्याच्यामागे, खिडकीला पाठ टेकून उभे राहिलो.

त्या उजेडात दुसरं काही करायचं नसतं. नुसते दिवे बघायचे. दादाला तो नियम माझ्यापेक्षा शंभरपटीने चांगला माहीत आहे.

आईने दिव्यांकडे पाहिलंच नाही. ती पुढे वाकली, आमच्या तोंडांकडे बघत राहिली. आधी त्याच्या, मग माझ्या, मग परत त्याच्या. दादाने तिला नियम सांगितला नाही.

"तुझी दाढी पांढरी झाली रे," ती त्याला म्हणाली. "कधी झाली?"

मग तिची नजर माझ्यावरून खाली सरकली आणि थांबली.

"आणि तुझं हे पोट! अरे, केवढं सुटलंय!"